लॉटीच्या दारावरचा खडू

क्लीव्हलँडमधल्या फ्लीट अव्हेन्यूच्या मागच्या त्या गल्लीत कुठलं घर कधी रिकामं झालं, हे लॉटी सोबचाकला कुणाला विचारावं लागत नसे. ती नुसती दारांच्या चौकटी बघायची. जानेवारीत, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणाला, चर्चमध्ये पाद्रीबाबा आशीर्वादाचे खडू वाटायचे. घरी येऊन दारावरच्या आडव्या चौकटीवर नव्या सालाचा आकडा आणि मधोमध फुल्यांनी जोडलेली तीन राजांची आद्याक्षरं लिहायची, म्हणजे वर्षभर घराला कुणाची नजर लागत नाही. घरातली माणसं गेली तरी आकडा तिथेच राहायचा. त्या गल्लीत पाच दारांवर २००६ होतं, सात दारांवर २००७. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात चालू सालाची दारं उरली होती अकरा, आणि त्यातलं एक लॉटीचं होतं.

तिचं खरं नाव लिओकाडिया. पण ते नाव फक्त पाद्रीबाबा आणि बँकवाले घ्यायचे. वय चौऱ्याहत्तर, उंची बेताची, जीभ मात्र भलतीच लांब. दर गुरुवारी चर्चच्या तळघरात बायका पिरोगी करायला बसायच्या. लाटलेल्या चकत्यांत बटाटा नाहीतर आंबवलेला कोबी भरायचा आणि कडा चिमटीने मिटवायच्या. तिथे लॉटीची खुर्ची टेबलाच्या टोकाला असे. तिच्या हातची पिरोगी उकळत्या पाण्यात कधी फुटली नाही. एखादी फुटलीच तर ती शेजारणीची असायची, असं तिचं म्हणणं, आणि शेजारणीची काय बिशाद नाही म्हणायची.

घर घेतलं होतं चेस्टरने, लग्नाच्या वर्षी, अठ्ठावन्न साली. चेस्टर तारेच्या कारखान्यात होता. दर जूनमध्ये पुढचं दार हिरव्या रंगाने रंगवायचा आणि दर जानेवारीत दुधाच्या बाटल्यांच्या खोक्यावर चढून आकडा लिहायचा. खोकं डुगडुगायचं, लॉटी खालून त्याचा पट्टा धरून उभी राहायची, आणि समोरच्या ओट्यावरून कुणीतरी हमखास ओरडायचं, "धर गं नीट, नवरा पडला तर दुसरा मिळायचा नाही." काय दिवस होते ते. कारखान्याचा भोंगा झाला की गल्लीभर लोण्यात कांदा परतल्याचा वास सुटायचा. शनिवारी बायका आपापल्या घरासमोरची फरसबंदी झाडायच्या आणि झाडता झाडता अख्ख्या गल्लीची धुणी धुवायच्या. मागच्या चेरीच्या झाडाखाली चेस्टर खुर्ची टाकून बसायचा, रेडिओवर बेसबॉल लावून. आपला संघ हरला की म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघू." पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तो दुसरं काही फार बोलला नाही. दोन हजार तीनमध्ये तो गेला, आणि त्यानंतर खोक्यावर लॉटी चढायला लागली. पट्टा धरायला शेजारची ओडेसा टिलमन यायची.

ओडेसा अलाबामाकडची, काळी, बाप्टिस्ट पंथाची; त्यांच्यात हे खडूबिडू नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी. अठ्ठ्याण्णव साली ती शेजारी राहायला आली तेव्हा लॉटीने पाव आणि मीठ नेऊन दिलं, नव्या घराला द्यायचं असतं ते. ओडेसाने पावाकडे बघितलं, मिठाकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, मीठ माझ्याकडे आहे, लोणी असलं तर द्या." तेव्हापासून दोघींचं गूळपीठ जमलं.

मग दोन हजार पाचमध्ये तो खिडक्या विकणारा आला. गोरागोमटा, तोंडाने गोड. जुन्या खिडक्यांतून थंडी येते म्हणाला. ते खरंच होतं. खिडक्यांबरोबर घरावरचं नवं कर्जही त्यानेच आणून दिलं. फिटलेलं घर पुन्हा गहाण पडलं. सुरुवातीचा हप्ता एवढासा, आणि दोन वर्षांनी तो जवळजवळ दुप्पट. गोगलगाय नि पोटात पाय. लॉटीने आधी थंडीतल्या गॅसचे म्हणून ठेवलेले पैसे मोडले, मग दातांचे, मग चार महिने हप्ताच गेला नाही. कुणाला म्हणून सांगितलं नाही. गुरुवारी पिरोगीच्या टेबलावर जगाच्या उखाळ्यापाखाळ्या काढणारी ही बाई स्वतःच्या बाबतीत मूग गिळून बसली.

दोन हजार आठच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला जाड पाकीट आलं, कोर्टाचं. लॉटीने स्वयंपाकघरात उभ्यानेच फोडलं. वर लिहिलं होतं, अमुक बँक विरुद्ध लिओकाडिया सोबचाक. आणि त्याखाली, प्रतिवादी क्रमांक दोन म्हणून: लिओकाडिया सोबचाकचा अज्ञात नवरा, असल्यास.

पुढे तिने वाचलंच नाही. वकिलांची ती नेहमीची भाषा असते, सगळ्यांनाच तसं लिहितात, हे तिला कोण सांगणार? तिला वाटलं, पंचेचाळीस वर्षं ज्याने या घराचं दार रंगवलं, त्याला हे लोक अज्ञात म्हणतात, आणि वर म्हणतात असल्यास. कागद जसाच्या तसा घडी करून तिने पिठाच्या डब्यामागे खुपसला. त्या कागदात पुढे काय होतं? उत्तर द्यायला अठ्ठावीस दिवस आहेत, एवढं साधं होतं. पण लाज वाटली की माणसाला अक्षरं दिसत नाहीत.

लाजेचंही कारण होतं. मंदीच्या काळात, लॉटी पाच वर्षांची असताना, शेरीफच्या माणसांनी पलीकडच्या घरातलं सामान उचलून फरसबंदीवर मांडलं होतं. पलंग, भांडी, चुरगळलेली चादर, सगळं लोकांच्या डोळ्यांसमोर. लॉटीच्या आईने खिडकीचा पडदा ओढला आणि म्हणाली, "कुणी हात धरून काढायच्या आत आपण निघावं." आईचं हे वाक्य लॉटीने सत्तर वर्षं जपलं आणि नको तेव्हा वापरलं.

तीन आठवड्यांत तिने घर आवरलं. फरशा गुडघ्यांवर बसून घासल्या. नव्या येणाऱ्यांसाठी ओट्यावर पाव आणि मीठ ठेवलं. किल्ली एका चिठ्ठीत गुंडाळून बँकेच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवली आणि पावती पर्समध्ये ठेवली. लेक मार्सी पार्मा गावाहून गाडी घेऊन आली होती.

ओडेसा कुंपणापाशी आली. "मिस लॉटी, कुणी जा म्हणालं का तुम्हाला? शेरीफ आला होता?"

"यायची वाट बघू का?"

"मग कशाला निघालात?"

"ओडेसा, मला शिकवू नकोस. घर बँकेचं झालं."

"दूध सांडायच्या आधीच पुसायला बसलात तुम्ही," ओडेसा म्हणाली. पण लॉटी गाडीत बसली होती.

मार्सीचं घर चांगलं होतं. गरम, नवं, दोन मोटारींची जागा. लॉटीला स्वतंत्र खोली, स्वतःचा टीव्ही. पण भोंगा नाही, ओटा नाही, कुणाशी भांडावं तर तेही नाही. तीन राजांच्या सणाला ती हट्टाने जुन्या चर्चमध्ये गेली, खडू घेऊन आली आणि खुर्ची दारापाशी ओढली. मार्सी म्हणाली, "मा, नको ना. परवाच रंग दिलाय." लॉटीने खडू कोटाच्या खिशात टाकला. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि का जेवली नाही हे मार्सीला कळलं नाही. बिचारीचा दोष नव्हता. तिच्या लेखी तो खडूच होता.

एप्रिलमध्ये पार्माच्या पत्त्यावर फिरत फिरत नगरपालिकेचं पत्र आलं. मागचं पन्हळ लोंबकळतंय, दुरुस्त करा, नाहीतर दंड. मालक: लिओकाडिया सोबचाक.

या खेपेला तिने पत्र तीनदा वाचलं. मग बस धरून ती थेट चर्चच्या तळघरात गेली. मंगळवारी तिथे रे हलुस्का बसायचा. रे चेस्टरबरोबर कारखान्यात होता, युनियनचा माणूस. निवृत्त झाल्यावर घरं वाचवण्याच्या कामाला लागला होता. डोक्यावर केस नाहीत, पण आवाज दोन माणसांचा.

"रे, हे नगरपालिकेचे लोक वेडे झालेत. मी घर कधीच परत केलं, आणि हे मला मालक म्हणतात."

रेने पत्र बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. "परत केलं म्हणजे? लिलाव झाला?"

"नाही."

"न्यायाधीशाचा निकाल?"

"मला काय माहीत."

"मग तू कशाच्या जोरावर घर सोडलंस?"

"पत्र आलं होतं कोर्टाचं."

"वाचलंस?"

लॉटीने पर्सचा बंद उगाच उघडला आणि मिटला. "दोन ओळी," ती म्हणाली.

रेने कपाळाला हात लावला. "लॉटी, अगं तो कारखान्यातला पहिला भोंगा होता, सुट्टीचा नव्हे. पत्र आलं म्हणजे भांडण सुरू झालं. उत्तर द्यायचं, समेटाची बैठक मागायची, बँकेला समोर बसवायचं. लिलाव होऊन न्यायाधीश त्यावर सही करेपर्यंत घर तुझं. कर तुझा, पन्हळ तुझं, दंडही तुझा. तुमच्या गल्लीतले निम्मे लोक असेच पळाले. बँकेने पुढे लिलावही केला नाही, घर उघड्यावर पडलं आणि चोरांनी तांब्याचे नळ उपटून नेले. एका रात्रीत भिंतीसुद्धा फोडतात."

लॉटी खुर्चीवर बसली. तिच्या डोळ्यांसमोर भिंती आल्या.

ती आणि रे गाडीने गल्लीत शिरले तेव्हा तिने मान खाली घातली होती. बघवणार नव्हतं. रे म्हणाला, "वर बघ." हिरवं दार जागेवर होतं. खिडक्या शाबूत. ओट्यावर पायपुसणं, आणि ते तिचं नव्हतं. चौकटीवर आठ साल पुसून ठळक अक्षरांत लिहिलं होतं, २००९. मधली तीन अक्षरं आणि त्यांच्यामधल्या फुल्याही बरोबर जागच्या जागी होत्या, फक्त मधली अक्षरं सगळी पोट सुटलेली.

ओडेसा शेजारच्या दारातून हात पुसत आली. "शाळेतला खडू आहे," ती म्हणाली. "पाद्रीचा हात लागलेला नाही. चालतो का?"

लॉटी ओट्याच्या पायऱ्या चढून दारापाशी गेली.

"इथले चोर काही मूर्ख नाहीत, मिस लॉटी. ते दारावरचं साल वाचतात. जुनं दिसलं की हातोडा घेऊन शिरतात. दहा वर्षं बघतेय तुम्हाला लिहिताना, मला काय, पाठ झालंय. आमच्या जावयाकडून नळांतलं पाणी काढून टाकलं, नाहीतर थंडीत नळ फुटले असते. बर्फ झाडलं. दिवा लावत होते अधूनमधून. पन्हळ मात्र राहिलं, ते माझ्या हाताला पोचत नाही."

"तुला किल्ली..."

"तुम्हीच दिलेली, चेस्टर दवाखान्यात होते तेव्हा. मागितली नाहीत कधी."

त्या रात्री लॉटी स्वतःच्या घरात झोपली. गॅस यायला आठवडा लागला. तेवढे दिवस तिने चेस्टरच्या दोन घोंगड्या घेतल्या आणि पार्माला परत जायचं नाव काढलं नाही.

उत्तर लिहायला रे तिच्या स्वयंपाकघरात बसला. अठ्ठावीस दिवस कधीच उलटले होते, पण निकाल अजून लागला नव्हता, म्हणून आधी उशिराची परवानगी मागायची होती. मग बँकेच्या प्रत्येक मुद्द्यापुढे लिहायचं: मान्य, अमान्य, किंवा माहीत नाही. लॉटीने पेन घेतलं आणि सगळ्यात वर लिहिलं, "माझा नवरा अज्ञात नाही. त्याचं नाव चेस्टर सोबचाक. तारेच्या कारखान्यात त्याला सगळे ओळखत होते."

"हे कायद्यात बसत नाही," रे म्हणाला.

"मग कायदा थोडा सरकून बसेल."

रेने ते खोडलं नाही.

जूनमध्ये समेटाची बैठक झाली, कोर्टाच्या इमारतीत, लांब टेबलाभोवती. एका बाजूला लॉटी, रे आणि चर्चला जायची टोपी घालून ओडेसा. दुसऱ्या बाजूला बँकेचा तरुण वकील. मध्ये समेट घडवणारी बाई, पन्नाशीची, चष्मा गळ्यात अडकवलेली. लॉटीला एकच हवं होतं: हप्ता झेपेल एवढा व्हावा आणि मरेपर्यंत त्याच दारातून आत-बाहेर करता यावं.

वकील म्हणाला, "आमच्या नोंदीप्रमाणे हे घर रिकामं आहे. हप्ता कमी होतो तो राहत्या घराचा. सोडून दिलेल्या घराला ती सवलत नाही." आणि त्याने फोटो पुढे सरकवला, बँकेच्या माणसाने वीस जानेवारीला काढलेला.

बाईने चष्मा लावला. फोटो जवळ घेतला. "चौकटीवर दोन हजार नऊ लिहिलंय," ती म्हणाली. "माझी आजी लिहायची. हे सहा जानेवारीला लिहितात. म्हणजे तेव्हा घरात कुणीतरी होतं."

वकिलाला यातलं ओ की ठो कळलं नाही. टेबलाखाली रेने लॉटीच्या पायावर बूट ठेवला. त्याचा अर्थ स्पष्ट होता: गप्प बस. गप्प बसली असती तर काम झालं असतं. सगळं तिच्या ओंजळीत येऊन पडलं होतं. पण आशीर्वादाच्या खडूवरून खोटं बोलायचं, तेही ओडेसाची मेहनत स्वतःच्या नावावर घालून? लॉटीने पाय काढून घेतला.

"नव्हतं कुणी," ती म्हणाली. "मी ऑक्टोबरात निघून गेले होते. घाबरले होते. हे अक्षर हिचं आहे. माझ्या अक्षराचं एवढं पोट सुटत नाही."

रेने डोळे मिटले. वकिलाने पेन उचललं. "म्हणजे घर सोडलं होतं, हे त्यांनाच मान्य आहे."

"सोडलं नव्हतं. परत केलं होतं," लॉटी म्हणाली. "किल्ली पाठवली तुम्हाला. ही पावती."

वकिलाने फाइल चाळली. बरीच खाली, एका तपकिरी पाकिटावर लॉटीचं टपोरं अक्षर दिसलं. पाकीट बंद होतं. सात महिने कुणी हात लावला नव्हता. बाई म्हणाली, "उघडा." त्याने उघडलं. किल्ली टेबलावर पडली आणि हातात चिठ्ठी राहिली.

"वाचा," बाई म्हणाली.

तो वाचायला लागला. "जे कुणी राहायला येतील त्यांना. तळघराचं दार खालून ढकलावं लागतं. चेरीला जूनमध्ये जाळी घाला, नाहीतर पक्षी काही ठेवत नाहीत. शेजारी ओडेसा राहते, तिच्याशी नीट वागा. घर चांगलं आहे. आम्ही इथे सुखात होतो." शेवटच्या ओळीला त्याचा आवाज उतरला. मुलगा तसा वाईट नव्हता.

लॉटी म्हणाली, "मी तुमचं पत्र वाचलं नाही, चुकलं माझं. तुम्ही माझं का नाही वाचलंत?"

ओडेसाने टोपी सारखी केली. बाईने किल्ली उचलली आणि लॉटीपुढे ठेवली. "बँकेने किल्ली घेतलीच नाही, म्हणजे घर परत झालंच नाही. मिसेस सोबचाक, काल रात्री कुठे झोपलात?"

"माझ्या घरात."

"मग हे राहतं घर आहे," ती वकिलाकडे वळून म्हणाली. "आता आकड्यांचं बोला."

आकड्यांचं बोलायला आणखी तीन महिने गेले. तेच कागद चार-चारदा पाठवावे लागले. रे दर वेळी शिव्या द्यायचा आणि दर वेळी प्रत ठेवून घ्यायचा. शेवटी व्याजाचा दर बांधून मिळाला, थकलेले हप्ते कर्जाच्या शेवटाला ढकलले. हप्ता सुरुवातीच्याइतका लहान नव्हता, पण दगडापेक्षा वीट मऊ. पेन्शनीत भागत होतं.

पुढे गुरुवारच्या टेबलावर लॉटीचा एक नवाच प्रश्न सुरू झाला. पिरोगी मिटवता मिटवता ती विचारायची, "काय गं, पत्रबित्र आलंय का?" जी मान खाली घालायची, तिला ती पर्स उघडायला लावायची. पाकिटं तिथल्या तिथे फुटायची, पिठाच्या हातांनी. "सगळं वाच. अठ्ठावीस मोज. किल्ली कुणाला देऊ नकोस. मंगळवारी रेकडे जा." कोर्टाच्या खिडकीवरच्या कारकुनाला पीठ लागलेले कागद ओळखू यायला लागले होते, असं रे सांगायचा, खरंखोटं त्यालाच माहीत. पण गल्लीतली आणखी चार दारं वाचली, हे खरं.

दर जानेवारीत लॉटी खडूचे दोन तुकडे करायची, एक आपला, एक ओडेसाचा. बाप्टिस्टांच्या दारावरही आकडा चढायला लागला. ओडेसाने आपल्या पाद्र्याला त्याचं काय कारण सांगितलं, ते कधी कळलं नाही.

दोन हजार पंधराच्या नोव्हेंबरात लॉटी गेली, आपल्या घरात, आपल्या पलंगावर. मार्सी जानेवारीत घर बंद करायला आली. बर्फ पडलं होतं. ओट्यावरचं झाडलेलं होतं. किल्ली काढताना तिची नजर वर गेली. चौकटीवर ताजं, पोट सुटलेल्या अक्षरांचं, २०१६.

किल्ली कुलपात न घालता ती आकडा बघत उभी राहिली. मग शेजारच्या ओट्यावरून ओडेसाची हाक आली, "थंडीत काय उभी राहिलीस, पोरी? आत ये."

"ओडेसा मावशी," मार्सी म्हणाली, "मा तर गेली नोव्हेंबरातच."

"ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे," ओडेसा म्हणाली. "चोरांना कशाला सांगायचं?"

मार्सीने किल्ली खिशात टाकली. त्या वर्षी तिने घर विकलं नाही.